एकशे ब्याण्णव चौकोनांचा छत्रीवाला

साठ टनांच्या धर्मकाट्यावर लोकरीचा गुंडा ठेवून त्याचं वजन बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ट्रक नुकताच उतरून गेलेला, काटा रिकामा, आणि हा उंचापुरा मिशीवाला माणूस भर उन्हात त्या लोखंडी पत्र्याच्या बरोबर मधोमध जाऊन आकाशी रंगाचा एक गुंडा ठेवून आला. मग केबिनमध्ये येऊन लाल आकड्यांच्या खिडकीकडे कमरेवर हात ठेवून बघत राहिला. खिडकीत शून्य.

"पाह्यलं?" ते मला म्हणाले. "वजनच नाही. म्हनजे कितीबी मोठं कंबल विणलं तरी पांघरनाऱ्यावर भार होत नाही."

"दादा, हा काटा दहा किलोच्या खालचं दाखवतच नाही."

"काटा बोलला, विषय संपला," असं म्हणून ते गुंडा आणायला पुन्हा उन्हात गेले.

मी रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये डिस्पॅचला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माझं टेबल काट्याच्या केबिनमध्ये होतं, दादांच्या शेजारी. सगळा कारखाना त्यांना दादाच म्हणायचा, मालकही आणि मालकाचे वडीलही, जे त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे होते. काम तसं सोपं. रिकामा ट्रक आला की त्याचं वजन घ्यायचं, सळ्या भरून परत आला की पुन्हा घ्यायचं, पावती फाडायची. या दोन वजनांच्या मध्ये तास-दीड तास जातो. तेवढ्या वेळात बाकीच्या कारखान्यांतले काटेवाले तंबाखू मळतात आणि मोबाइल बघतात. आमचे दादा क्रोशाचं विणकाम करायचे.

हे विणकाम त्यांच्या आईनं शिकवलेलं. आईला दोन्ही मुलगेच, घरात मुलगी नाही, आणि तोरणं, टेबलक्लॉथ, टीव्हीची झाकणं यांची तिला भारी हौस. मग थोरल्याला पकडून बसवलं. थोरल्याला ते इतकं आवडलं की पुढे आईनं सुई खाली ठेवली, यांनी काही ठेवली नाही.

उरल्याच्या धुळीबद्दल जे तिथं राहिले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. सकाळी पांढरा शर्ट घालून या, दुपारी तो कोणत्या रंगाचा होता यावर वाद घाला. त्या धुळीपासून लोकर वाचवण्यासाठी दादांनी एक व्यवस्था केली होती. त्यांचा चार कप्प्यांचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता, त्यात लोकर असायची. पोळी-भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत. नवा माणूस जेवायच्या सुट्टीत मोठ्या आशेनं त्यांच्या डब्यात डोकवायचा आणि त्याला पिवळी, हिरवी, तांबडी, पांढरी लोकर दिसायची. जेवताना ते पोळीसुद्धा चमच्यानं खायचे, बोटांना तेल लागू नये म्हणून. ते बघणं फार त्रासाचं होतं. मी शेवटी माझी खुर्ची दुसरीकडे वळवून घेतली.

केबिनमधल्या प्रत्येक वस्तूला विणलेलं झाकण होतं. प्रिंटरला, फोनला, स्टेपलरला, आणि काय कारण असेल ते असो, पंचिंग मशीनला कान असलेलं झाकण होतं. मॅनेजर एकदा तावातावानं आला, "ये फॅक्टरी है या शादी का घर?" म्हणून ओरडला. दादांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आठ दिवसांनी मॅनेजरच्या एसीच्या रिमोटला निळं-पांढरं झाकण आलं आणि त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

ट्रकवाल्यांना ते लोकरीची लिंबू-मिरची विणून द्यायचे. एक पिवळं लिंबू, सात हिरव्या मिरच्या. "सुकत नाही, सडत नाही, दर शनिवारी बदलायचं झंझट नाही," हा त्यांचा युक्तिवाद. नजर लोकरीच्या मिरचीला घाबरते का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नजर दुरून येते पोट्टे. दुरून कोनाले समजते?" ओडिशापासून पंजाबपर्यंतच्या गाड्यांच्या पुढे ती लिंबं लटकत होती.

मात्र फुकट काही नाही. लोकरीची लडी विकत आणली की ती उलगडून गुंडा करावा लागतो, आणि त्याला समोर कोणीतरी दोन हात पसरून बसायला लागतं. ते काम ड्रायव्हरचं. सहा फुटी, गळ्यात ताईत, डोळे लाल, असा एखादा ड्रायव्हर केबिनमध्ये स्टुलावर हात पुढे करून बसलेला आहे, त्याच्या मनगटांभोवती गुलाबी लडी आहे, बाहेर मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून थकल्या आहेत, आणि दादा शांतपणे गुंडाळतायत. "दादा, छोड़ दो, लाइन लग गई," तो काकुळतीला यायचा. "हात मत हिला," दादा म्हणायचे. "घाई होती त विमानात टाकायचा होता ना लोहा."

माझी पंचाईत वेगळीच झाली. मी कौतुकानं हे सगळं घरी सांगितलं आणि आई माझ्यावरच उलटली. "तो एवढा मोठा माणूस काट्यावर बसून विणते, अन् तुले शर्टाचं बटन लावता येत नाही!" त्या दिवसापासून मी घरी दादांचं नाव काढणं बंद केलं.

दादांचं लग्न झालेलं नव्हतं. रायपुरात दोन खोल्यांत एकटे राहायचे. जवळचं म्हणावं असं माणूस एकच, अभनपूरचा धाकटा भाऊ. त्याचं तिथं बियाण्यांचं आणि खताचं दुकान होतं, बायको होती. आणि या भावाचं न् दादांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं.

कारण मला दिवाळीच्या दिवसांत कळलं. मी घरचे अनारसे घेऊन गेले होते, दादा चमच्यानं अनारसा खायचा प्रयत्न करत होते, तेव्हा मी सहज विचारलं. मला वाटलं होतं शेती असेल, घर असेल. निघाला व्हिडिओ गेम.

दोघं शाळेत असताना वडिलांनी नागपूरहून व्हिडिओ गेमचा डबा आणला होता, टीव्हीला जोडायचा. सोबत एकच कॅसेट, तिच्यावरचं लेबल फाटलेलं, त्यामुळे गेमचं खरं नाव दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात एक पिवळ्या शर्टाचा बुटका माणूस लाल छत्री घेऊन पळायचा. खड्डे ओलांडायचा, सापांवरून उड्या मारायचा, कलिंगडं खायचा. हे दोघं त्याला छत्रीवाला म्हणायचे. आठ टप्पे होते. आठव्याच्या शेवटी एक काळं दार. त्या दारापर्यंत कोणीच पोचलेलं नव्हतं. दादा कायम सहाव्यात मरायचे. आणि एका रविवारी दुपारी धाकटा आठव्या टप्प्याच्या टोकाला गेला, दार समोर दिसायला लागलं, आणि टीव्ही बंद पडला.

"लाईट गेली," दादा म्हणाले.

"अरेरे."

"तो म्हनते मी वायर ओढली."

"का बरं?"

"म्हनते पंखा फिरून राहिला होता." त्यांनी अनारशाचा तुकडा चमच्यात पकडला, तो निसटला. "फिरला असंल. पंख्याचं काय हाय, लाईट गेल्यावरबी फिरते थोडा वेळ."

"किती वेळ फिरला?"

दादांनी बराच विचार केला. "संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले.

मी हसले नाही. मला त्याबद्दल आजही कोणीतरी शाबासकी द्यायला हवी.

ही गोष्ट दोघांच्या आयुष्यात इतकी वर्षं शांत पडून होती. मग सहा वर्षांपूर्वी धाकट्यानं अभनपूरला नवं घर बांधलं, वास्तुशांतीला चार पाहुणे जमले, जेवणं झाली आणि त्यानं गंमत म्हणून वायरची गोष्ट सांगितली. सगळे हसले. दादाही हसले असते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. दादा म्हणाले, लाईट गेली होती. तो म्हणाला, आता तरी कबूल कर. हे म्हणाले, गेली होती. आवाज चढले, आईबापांची शपथ निघाली, दादा श्रीखंडाच्या वाटीवरून उठले आणि बस पकडून रायपूरला आले. चाळिशी ओलांडलेली दोन माणसं! त्यानंतर दादा दोनदा अभनपूरला जाऊन आले. दोन्ही वेळा हे पुढच्या दारानं आत गेले आणि भाऊ मागच्या दारानं गोडाऊनला निघून गेला.

"सांगून टाका ना मग, वायर मीच ओढली म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू जास्तीचा माल भरलेली गाडी पावतीशिवाय सोडा म्हणाले होते. "लाईट गेली होती," ते म्हणाले आणि सुई उचलली.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी वहिनींचा, म्हणजे भावाच्या बायकोचा, फोन आला. भाऊ दुकानातल्या शिडीवरून पडला होता, पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. फोन ठेवला तेव्हा दादांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाहेर गाडी उभी होती, तिचं वजन मीच घेतलं. दादा नुसते सुईनं लोकरीच्या साखळ्या घालत बसले, एकामागून एक, हातभर लांब साखळी झाली तरी थांबेनात. मला त्यांची फार दया आली. पाणी द्यावं म्हणून उठले, तर ते एकदम ताठ बसले.

"सहा हप्ते," ते म्हणाले.

"काय सहा आठवडे?"

"प्लास्टर. सहा हप्ते तो पळू शकत नाही!" डोळे चमकत होते. माझी दया वाया गेली.

बेत असा होता. जुन्या व्हिडिओ गेममधली माणसं चौकोनाचौकोनांचीच असतात, नाक एक चौकोन, हात दोन चौकोन. आणि क्रोशात चौकोन विणण्याइतकं सोपं काही नाही, आईनं पहिला धडा तोच दिला होता. तेव्हा एका रंगाचा एक चौकोन असे तळहाताएवढे चौकोन विणायचे, ते एकमेकांना जोडायचे, आणि त्यातून आठव्या टप्प्याचं शेवटचं चित्र करायचं. छत्रीवाला, ढग, कलिंगड आणि समोर दार. सोळा चौकोन लांब, बारा रुंद. एकशे ब्याण्णव. ते पांघरूण घेऊन अभनपूरला जायचं आणि भावाच्या पायावर घालायचं. "मंग बोलायची गरजच नाही पडत," दादा म्हणाले. मला तेव्हाच कळलं. एकशे ब्याण्णव चौकोन विणणं त्यांना सोपं वाटत होतं, एक वाक्य बोलणं अवघड.

लोकर घ्यायला आम्ही रायपूरच्या पंडरी बाजारात गेलो. मला कशाला नेलं तर म्हणे, बाई सोबत असली की दुकानदार ओरडत नाही. दुकानदारानं आकाशी रंगाच्या लड्यांचा ढीग लावला. दादा एकेक उचलायचे, उजेडात धरायचे, खाली ठेवायचे.

"यह नहीं. यह तो आसमान का है."

"तो आपको कौन सा चाहिए भैया?"

"टीवी का."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. अर्ध्या तासानं दुकानदार खरोखरच ओरडला, मी असूनसुद्धा, आणि नेमक्या त्या वेळी कोपऱ्यात टाकून दिलेल्या जुन्या मालात दादांना हवा तो निळा सापडला. भडक, खोटा, डोळ्यांना बोचणारा निळा. इतक्या वर्षांत कोणीही विकत न घेतलेला. दादांनी तो छातीशी धरला. दुकानदारानं हात जोडले आणि सगळाच्या सगळा घेऊन जा म्हणाला.

मग महिनाभर उरल्यात दुसरा विषय नव्हता. दादा दिवसाला सहा चौकोन पाडायचे. ड्रायव्हर विचारायचे, आज कहाँ तक पहुँचा? छत्री झाली तेव्हा पेढे वाटले गेले. काळ्या दाराच्या मागे काय असेल यावर गाड्यांच्या रांगेत चर्चा व्हायची. कोणी खजिना म्हणायचा, कोणी राणी, कोणी आणखी एक मोठा साप. आरंगकडचा एक म्हातारा ड्रायव्हर होता, तो लडी हातात धरून म्हणाला, "ओखर घर होही, अउ का." त्याचं घर असेल, दुसरं काय.

मी मोबाइल काढला. "शोधून देते ना. पिवळा शर्ट, लाल छत्री टाकलं की येईल. एका मिनिटात कळेल दाराच्या मागे काय आहे ते."

"ठेव तो फोन," दादा म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी कधी असं बोलले नव्हते. "त्यानं नाही पाह्यलं अजून. मी कसा पाहू?"

मी फोन ठेवला. मनात म्हटलं, हा माणूस वेडा आहे, पण याला कोणी हसलं तर मी त्याचं वजन काट्यावर चुकीचं दाखवीन.

आता त्यांच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण घोळ तिथं झाला. वीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला पावतीशिवाय काही सुचत नाही. प्रत्येक चौकोन पूर्ण झाला की दादा एका चिठ्ठीवर त्याचा नंबर लिहायचे, ओळ अमुक, घर तमुक, आणि ती चिठ्ठी सेफ्टीपिननं चौकोनाला टोचायचे. पुढच्या बाजूला भोक दिसू नये म्हणून मागच्या बाजूला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी घरी फरशीवर सगळे चौकोन नंबराप्रमाणे मांडले, डावीकडून उजवीकडे, ओळीखाली ओळ. नंबर वाचता यायला हवेत म्हणून चिठ्ठ्या वर. आणि तसेच ते जोडत गेले. जोडणं संपलं रविवारी सकाळी, प्लास्टर निघायला दोन दिवस होते, तशीच घडी घालून पिशवीत कोंबली आणि मला घेऊन अभनपूरची बस पकडली. मला का, तर भाऊ परक्या पोरीसमोर शिव्या देणार नाही. मी कुठं कुठं कामाला आले त्या माणसाच्या, देव जाणे.

बसमध्ये आम्ही मांडीवर घडी घेऊन एकशे ब्याण्णव सेफ्टीपिना काढल्या. चिठ्ठ्या खिडकीतून उडत होत्या. पुढच्या सीटवरच्या बाईला एक पिन टोचली, तिनं आमच्या खानदानाचा उद्धार केला, दादांनी तिला तिथल्या तिथं लोकरीचं लिंबू दिलं. ती शांत झाली.

वहिनींनी दार उघडलं आणि दादांना बघून पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही. भाऊ आतल्या खोलीत पलंगावर होता, पाय दोन उशांवर. दादांसारखीच मिशी, फक्त जरा लहान. त्यानं दादांना पाहिलं, सवयीनं चपला शोधल्या, मग प्लास्टरकडे पाहिलं, आणि नाइलाजानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आमचा बेत इथवर बरोबर जमला होता.

"याले विचार, चहा घेते का," भाऊ भिंतीकडे बघत वहिनींना म्हणाला.

"त्याले सांगा, घेतो," दादा.

"याले सांग, साखर संपली."

"त्याले सांगा, बिनसाखरेचा चालते."

वहिनी दोघांच्या मध्ये उभ्या. त्यांना काही सांगायची गरजच नव्हती, दोघं हाताच्या अंतरावर होते. चहा आला, साखरेचा. तो संपला. शेवटी दादांनी पिशवी उघडली, उभे राहिले, आणि ते पांघरूण झटकून भावाच्या अंगावर पसरलं.

मीही ते पूर्ण पसरलेलं पहिल्यांदाच बघत होते. इतकं सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं, खरं सांगते. तो खोटा निळा टीव्हीचा, त्यावर दोन पांढरे ढग, एक कलिंगड, पिवळ्या शर्टाचा चौकोनी बुटका, हातात लाल छत्री, आणि समोर काळं दार. वहिनी "अगंबाई" म्हणाल्या. भाऊ भिंतीकडेच बघत होता. मग त्याची नजर हळूच खाली आली. आधी पायाजवळ, मग छत्रीवर, मग दारावर, आणि तिथंच थांबली.

"याले सांग," भाऊ म्हणाला, "छत्रीवाला उलटा पळून राहिला."

"काय?" दादा म्हणाले.

"उजवीकडं पळते तो. हमेशा. दार उजव्या हाताले होतं. हा डाव्या हाताले पळून राहिला. त्या गेममध्ये डावीकडं पळायचं बटनच नव्हतं."

दादा खाली वाकले. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्यांनी हवेत बोटं फिरवून ओळी आणि घरं मोजली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की चिठ्ठ्या आठवल्या. चिठ्ठ्या मागच्या बाजूला होत्या. म्हणजे सगळे चौकोन पालथे मांडले होते. म्हणजे डावं ते उजवं. महिनाभर जपून लावलेल्या नंबरांनी सगळं चित्रच फिरवून टाकलं होतं.

कोणीही इथं माफी मागितली असती. दादांनी घसा साफ केला. "तू उलटी पांघर ना," ते म्हणाले. "मागून पाह्यलं का बरोबर दिसते."

मागच्या बाजूला जोडाचे दोरे लोंबत होते, गाठी होत्या. भाऊ पायासकट उठून बसला. "चूक तुही अन् उलटं मी पांघरू? हेच तुह्यं! पयलेपासून हेच! चूक तू करनार, अन् मले सांगनार लाईट गेली!"

सहा वर्षांनी तो भावाशी सरळ बोलला होता, मधे कोणाला न घेता. दादांच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही. ते माझ्याकडे बघू लागले. मी माझ्या रिकाम्या कपात बघितलं. अशा वेळी मदत करायची नसते, एवढी अक्कल मला होती.

"नव्हती गेली," दादा म्हणाले.

"काय?"

"लाईट. नव्हती गेली. मीच ओढली वायर." पुढचं ते त्या पांघरुणाकडे बघत बोलले. "तू दारापर्यंत गेला होता, अन् मी सहाव्याच्या पुढं कधी गेलोच नाही. मोठा मी होतो ना बे. मले पाहवलं नाही."

मला रडू आलं. व्हिडिओ गेमच्या वायरीसाठी मी परक्या घरात रडत होते आणि वहिनी मला पाणी देत होत्या. दोघं भाऊ मात्र एकमेकांकडे बघतही नव्हते.

"कैची आन," भाऊ बायकोला म्हणाला.

वहिनींनी कात्री आणली. भावानं ती घेतली, आणि मूठ पुढे करून दादांच्या हातात दिली. "उसव. सगळे जोड. अन् पुन्हा लाव बरोबर. इथं बसून, माह्या डोळ्यांसमोर. तुह्यावर भरोसा नाही माहा."

दादा पलंगाच्या कडेला बसले आणि पहिला जोड कापला. जेवायच्या वेळेपर्यंत दोघं ढग किती उंच होता यावर भांडत होते. चिठ्ठ्या खिडकीतून उडाल्या होत्या, त्यामुळे कुठला चौकोन कुठला, हे आता भावाला विचारल्याशिवाय दादांना लावता येत नव्हतं, आणि त्याचा भाऊ पुरेपूर फायदा घेत होता. मी निघते म्हणाले तर दोघांनीही मान वर केली नाही. रायपूरला मी एकटीच परत आले.

प्लास्टर निघालं, काठी आली, काठीही गेली. दादा दर रविवारी अभनपूरला जात राहिले. सोमवारी मी विचारायची, झालं का? कधी कलिंगडाचा हिरवा कमी पडायचा, कधी छत्रीची मूठ वाकडी असायची, कधी सापच विसरलेला असायचा. भावाला दर वेळी नवी चूक सापडायची. दादा चिडून चिडून सांगायचे, आणि मंगळवारपासून रविवारची वाट बघायचे. पुढे माझं लग्न झालं, मी नागपूरला आले, नोकरी सुटली.

मागच्या रविवारी सहज फोन केला. ते अभनपूरलाच होते. मागून भावाचा आवाज येत होता, मिक्सर चालू होता. मी म्हणाले, "दादा, आता तरी पूर्ण झालं का ते कंबल?"

"कुठचं," ते मोठ्यानं म्हणाले. "लय काम बाकी हाय अजून."

मग चपला सरकल्याचा आवाज आला. ते अंगणात आले असावेत, कारण मिक्सर लांब गेला. आवाज एकदम खाली उतरला.

"झालं होतं गं," ते कुजबुजले. "मागच्याच रविवारी. एकदम बरोबर, एकबी चूक नाही. तो पाहून म्हनला, झालं म्हनते आता. मले काही सुचलंच नाही. मंग आज जेवून तो जरा झोपला, तवा मीच दोन चौकोन उसवून उलटे लावून ठेवले."

मी काही म्हणायच्या आत घरातून आरोळी आली, "दादा! हे कोनं लावलं बे असं?"

"ठेवतो," दादा घाईघाईनं म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता. "त्याले दिसलं."